भाग्यक्काचा बिस्किटांचा डबा

भाग्यक्काची पहिली ओळख मला कानाने झाली. सत्त्याण्णव साल होतं. माझा मेहुणा उपेंद्र याने नवा मोबाइल घेतला होता आणि तो कुणालातरी वापरायला द्यायची त्याला घाई होती. बंगळूरच्या चिकपेट बाजारात माझ्या चष्म्याची दांडी तुटली, तेव्हा त्याने ऐटीत फोन पुढे केला. "दुकानांची माहिती देणारी कंपनी आहे, भावजी. विचारा."

मी कानडीत विचारलं. पलीकडून एका बाईंनी उलट विचारलं, "घरच्या फोनवरून बोलताय की मोबाइलवरून?"

"मोबाइलवरून."

"उभे कुठे आहात?"

भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, असं मी सांगितलं.

"आत शिरा. समया टांगलेलं दुकान दिसेल, त्याच्या माडीवर. दांडी लगेच जोडतात. दीडला जेवायला बंद होतं, पाय उचला." मग शेजारच्या कुणाला तरी मराठीत, "माझा चहा झाकून ठेव गं."

मी आनंदाने विचारलं, "आपण मराठी का?"

"मराठी घरच्या फोनवरून बोलू, मास्तर. इथे तुमचे पैसे पडतायत." फोन बंद.

एक पंचवीसला माझा चष्मा नाकावर होता. दुसऱ्या दिवशी घरून फोन करून मी आधी हेच विचारलं, की मी मास्तर हे कसं ओळखलं. "प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलात," ती म्हणाली. "बाकीचे थांबत नाहीत."

तिचं पूर्ण नाव भाग्यलक्ष्मी. वय चव्वेचाळीस. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बंगळूरला आले आणि इथलेच झाले. तिच्या मराठीत निम्मी कानडी होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता. मुलगी अक्षरा दहावीला होती, आणि ती पुढे कॉलेजात जाणार की नाही हे भाग्यक्काच्या पगारावर ठरणार होतं.

कंपनीत सहा बायका फोन घेत. भिंतीला लाकडी खण, खणांत दुकानांची कार्डं, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली. पैसे भरणाऱ्या दुकानांची नावं त्याच क्रमाने, पत्त्यासकट वाचून दाखवायची हा नियम. दुकानदारांना तो कळायला वेळ लागला नाही. वर्षभरात चिकपेटात ए-वन नावाची अकरा दुकानं झाली.

घरून फोन करणारी माणसं पेन्सिल घेऊन शांतपणे ऐकत. मोबाइलवाले मात्र अर्ध्यात फोन ठेवत. मिनिटाला सोळा रुपये, भोवती हॉर्न, हातात पेन्सिल नाही. हे पहिल्यांदा भाग्यक्काच्या लक्षात आलं. तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्वतःची कार्डं करायला घेतली. वरच्या ओळीत दुकानाचं नाव नाही, विचारणारा जे म्हणतो ते: 'कुकरची शिट्टी', 'चष्म्याची दांडी'. खाली रस्त्यावरून दिसणारी खूण. शेवटी बंद व्हायची वेळ. त्यासाठी दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, ती चिकपेट पायी फिरे. माझं अक्षर बरं म्हणून कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिलेलं प्रत्येक कार्ड ती मला एका श्वासात वाचायला लावी. मला धाप लागली की दोन शब्द कापी.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चात असाच कंपनीत तिच्या टेबलाशी लिहीत बसलो असताना प्राणेश नावाचे गृहस्थ तणतणत आत आले. ए-वनपैकी एका चष्म्याच्या दुकानाचे ते मालक. व्यवस्थापक नंदकिशोर त्यांना घेऊन थेट आमच्या टेबलापाशी आले.

"अक्का, हे पैसे भरतात. मोबाइलवाल्यांना यांचं नाव का सांगत नाही?"

"दांडी जोडायची असेल तर नाही सांगत. हे जोडत नाहीत, नवा चष्मा विकतात."

"ते तुम्ही नाही ठरवायचं. सोमवारपासून हा डबा घरी. नाहीतर तुम्हीही घरी."

भाग्यक्काने डब्याचं झाकण लावलं. मला अक्षराच आठवली. मग ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. पण यांनी एकदा खाली रस्त्यावर जाऊन आपल्या मोबाइलवरून फोन करावा. मी नियमाने वाचते."

प्राणेश खाली गेले. फोन वाजला. भाग्यक्काने खणातून कार्डं काढली आणि सावकाश वाचू लागली. ए ए ए ऑप्टिकल्स, दुकान क्रमांक, रस्ता, पिनकोड, फोन. मग ए ए ऑप्टिकल्स, दुकान क्रमांक, रस्ता...

फोनमधला आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. "माझं नाव कधी येणार?"

"चौथं आहे तुमचं. थांबा, पिनकोड राहिला."

फोन कटला. प्राणेश धापा टाकत जिना चढून आले, तोवर तिने डब्यातलं एक कार्ड काढून ठेवलं होतं. ते तिने त्यांच्या हातात दिलं. अक्षर माझंच होतं. 'लहान मुलाचा चष्मा. मारुतीच्या देवळासमोर, निळी पाटी. मालक गोष्ट सांगतात, मूल रडत नाही. आठपर्यंत उघडं.'

प्राणेशांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे दिवाळीपासून माझ्या दुकानात पोरांची जत्रा भरतेय, ती..."

"मी पाठवते."

"तुम्ही माझं दुकान कधी पाहिलंत?"

"भाचीला घेऊन आले होते. हत्तीची गोष्ट सांगितलीत तिला. स्वल्प लांबवता, पण मुलांना चालते."

प्राणेश हसू लागले आणि बराच वेळ थांबेनात. नंदकिशोर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, ही सगळी कार्डं अशी लिहायला किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, "अक्का किती कापते त्यावर आहे."

आता नव्व्याण्णव संपत आलंय. कंपनीत संगणक आलाय आणि अक्षरा कॉलेजात बारावीला आहे. भाग्यक्काच्या टेबलावर सात डबे आहेत, आणि गुरुवारी ती अजूनही चिकपेटात पायी फिरते.