फिकं पडलं की वाळलं

महाडच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्वच्छ सांगितलं, "थिनरचा वास सोडा. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत जिना चढणंही जड जाईल." मी गाड्यांना रंग मारणारा माणूस. हायवेलगत पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, दोन स्प्रे गन, एवढंच माझं भांडवल. मला थिनर सोडा म्हणणं म्हणजे आचाऱ्याला चुलीपासून लांब रहा म्हणण्यासारखं. घरी येऊन मी बायकोवरच डाफरलो. तिचा काय दोष होता, देव जाणे.

तेव्हा मोबाईल नवे नवे हातात आले होते. ज्याच्याकडून रंग घ्यायचो त्या मुंबईच्या रंगवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, आता मोटारींसाठी पाण्यातला रंग आलाय, थिनरऐवजी पाणी घालायचं. मला वाटलं, चेष्टा करतोय. पत्र्याला ओल लागू नये म्हणून आयुष्यभर जपलं, आणि आता पाणीच मारायचं? तरी त्याने एसटीने दोन डबे पाठवले. एक रंगाचा, दुसरा वरून मारायच्या चकाकीचा.

पावसाळा नुकता सरला होता. एका जुन्या जीपचं बॉनेट काढून शेडमध्ये टेकवलं आणि निळा रंग मारला. वासच नाही! मी वासावर काम करणारा. वास ओसरला की पुढचा हात मारायचा, एवढं माझं शास्त्र. आता कशावरून ओळखू? दहा-पंधरा मिनिटांत चकाकी गेली आणि सगळं बॉनेट पाटीसारखं मळकट दिसायला लागलं. आमच्या दमट हवेत रंग असा फिका पडला की समजायचं, ओल शिरली, काम वाया गेलं. मी ओल्या फडक्याने पुसून काढलं, पुन्हा मारलं. पुन्हा फिकं. असं तीनदा झालं. रंगवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिचं माहेर उमरठच्या वरच्या वाडीतलं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढलेली. मी पुन्हा फडकं उचललं होतं.

"अवो, पुसताय कशाला?"

"दिसत नाय? बिघडलं."

"बिघडलं नाय, वाळलं हाय. सारवण ओलं असतं तवा चमकतं. फिकं पडलं की मग पाय ठेवायचा."

"जीप म्हणजे तुझ्या माहेरची सारवलेली ओटी वाटली काय गो?"

तिला खोटं पाडायचं म्हणून मी एक हात मारला आणि थांबलो. तिने टेबलफॅन जवळ ओढला. "वारा लागू दे जरा." फिकं पडल्यावर बोट लावलं. कोरडं. दुसरा हात मारला, तोही तसाच बसला. लाज वाटली आणि आनंदही झाला. कितीतरी वर्षांनी मी माझ्याच शेडमध्ये न खोकता उभा होतो.

मग चकाकीचा डबा उघडला, आणि तोच वास! थिनरचा, नाकात घुसणारा. फोन केला तर रंगवाला शांतपणे म्हणाला, "रंग पाण्याचा झालाय, वरचा हात अजून जुनाच आहे."

माझं डोकं चक्रावलं. रंगाचा वास गेला, चकाकीचा राहिला. मग थिनर सुटलं म्हणायचं की नाही? वरचा हात नाही मारला तर ते मळकट बॉनेट कोण घेणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"मग सुटलं का नाय ते?" बायकोने विचारलं.

"मला नाय माहीत. भीती वाटते गो," मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिला कधी बोललो नव्हतो.

मी नाकाला फडकं बांधलं, श्वास रोखला आणि वरचा हात मारला. बॉनेट असं चमकलं की शेडचे पत्रे त्यात दिसायला लागले. मी कौतुकाने तिच्याकडे वळलो. ती माझ्या छातीकडे बघत होती.