कारखान्याच्या इतिहासाला लागलेलं कुंकू

आमचा कारखाना विमानांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो. उडताना विमानाचं दार उघडत नाही त्यात माझाही थोडा हात आहे, असं मी माहेरी सांगत असते.

कारखान्याचा इतिहास म्हाताऱ्या मालकांच्या तोंडी असायचा. त्यांच्या वडिलांनी इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूजवळच्या एका गॅरेजमध्ये, एका लेथवर सुरुवात केली, एवढंच त्यात पक्कं. बाकीचं पाहुणा बघून बदलायचं. दरवर्षी गॅरेज लहान होई आणि थंडी वाढत जाई. तो लेथ दर्शनी हॉलमध्ये उभा होता. आजोबा (मनातल्या मनात मी मालकांना आजोबाच म्हणते) रोज सकाळी त्याच्यावरून हात फिरवायचे आणि मगच कॉफी घ्यायचे.

पुढे कारभार लेकीकडे गेला. तिने फर्मान काढलं, यंदाचं दर्जा तपासणीचं ऑडिट झालं की लेथ भंगारात. तिथे तिला सोफा ठेवायचा होता. त्या दिवशी आजोबांची कॉफी तशीच राहिली. मला त्या न आलेल्या सोफ्याचा भयंकर राग आला.

ऑडिटच्या आदल्या दिवशी दसरा होता. माझे बाबा पिंपरीला लेथ चालवायचे. दसऱ्याला लेथची पूजा झाल्याशिवाय ते सोनं वाटायला निघत नसत. संध्याकाळी मी हॉलमधला लेथ पुसला, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला.

"हे कशाला?" आजोबांनी विचारलं.

"वर्षभर राबवून घेतो ना आपण मशीनला. आज सुट्टी द्यायची, साफ करायचं आणि नमस्कार करायचा."

माझा नागपूरचा सहकारी मात्र हादरला. "अगं यार, इथे अंगठीपण अलाउड नाही आणि तू कुंकू लावतेस? ऑडिट फेल करशील!"

त्याचं खरं होतं. पार्टवर बाहेरचा एक कण सापडला तरी आमच्याकडे काम थांबतं. सकाळी लवकर येऊन पुसते, म्हटलं.

ऑडिटरबाई माझ्याआधीच हजर होत्या. मी पोहोचले तेव्हा त्यांचं बोट कुंकवाकडे होतं आणि लेक पांढरीफटक पडली होती.

"आमची परंपरा," आजोबा पुढे झाले. "वडिलांपासूनची. वर्षातून एक दिवस मशीनला सुट्टी द्यायची, साफ करायचं आणि थँक यू म्हणायचं."

चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी छताकडे बघत राहिले. बाई भारावून गेल्या. मशीनची इतकी कदर करणारी कंपनी आपण पाहिली नव्हती, पुढच्या वर्षी हा सोहळा बघायलाच येईन, म्हणाल्या.

झालं! लेथ हलवायची सोयच उरली नाही. आता लेकच पाहुण्यांना ही परंपरा सांगते, तीही डोळ्यांत पाणी आणून. गॅरेजमध्ये झेंडू कुठून यायचा, हे कुणी विचारत नाही.

गेल्या दसऱ्याला आजोबांनी स्वतः कुंकू लावलं. मग हळूच मला विचारलं, "तुझ्या वडिलांच्या लेथचं काय झालं?"

"भंगारात गेला. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा."

त्यांनी कुंकवाची डबी माझ्यापुढे धरली. "मग अजून एकदा लाव. त्याच्या नावाचं."