अकारण चिंता

त्या फॉर्मवरचा माझा राग आजही गेलेला नाही. दर्यापूरकडच्या एका गावात मी आरोग्यसेविका होते. कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या पट्ट्यात एकामागून एक माणसं जीव देऊ लागली, तेव्हा वरून छापील प्रश्नावली आली. घरोघरी जायचं, ताण कोणाला आहे ते शोधायचं, आणि जिथे 'होय' जास्त येतील तिथे समुपदेशक पाठवायचा. पहिलाच प्रश्न होता, 'आपणांस अकारण चिंता वाटते का?' त्याला 'नाही' आलं की पुढचे प्रश्न सोडून द्यायचे. छापलंय तसंच वाचा, स्वतःचं शहाणपण लावू नका, असं आम्हाला बजावलं होतं.

माझ्या शेजारी शिलाईकाम करणारी एक बाई राहायची. मी तिला आपा म्हणायचे. तिच्या मधल्या भावानं जीव दिला, ती खबर तिला फोनवर कळली होती. तेव्हापासून फोन वाजला की तिच्या छातीत धडधडायचं. फोन ती पिठाच्या डब्यात ठेवायची. धाकटा भाऊ अकोल्याकडे एकटा होता, त्याचाही फोन घेत नव्हती. हे सगळं माहीत असूनही मी तिला तो प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला.

"अकारण म्हंजे काय वो ताई?"

"बिनाकारणाची."

"बिनाकारन काहून वाटन? मले कारन हाये ना!"

मी 'नाही'वर खूण केली. गावभर हेच झालं. अकारण कोणालाच काही वाटत नव्हतं. महिन्याभरानं अमरावतीच्या बैठकीत साहेबांनी आमचं गाव तणावमुक्त म्हणून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मी उठून त्या शब्दाचं सांगितलं, तर साहेब हसले. "मॅडम, फॉर्म तज्ज्ञांनी केलाय." कोणत्या तज्ज्ञाच्या घरी माणसं कारणाशिवाय रडतात, हे अगदी ओठावर आलं होतं. नोकरीपायी गिळलं, त्याची अजून लाज वाटते.

समुपदेशक येणार नव्हता, म्हणून मीच आपाला जीपनं अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी फॉर्म काढला नाही. "काय होते तुमाले?" एवढंच विचारलं. आपा तासभर बोलली. मग बाईंनी उपाय सांगितला. रोज ठरल्या वेळी मी माझ्या घरून फोन लावायचा. सुरुवातीला आपानं तो नुसता वाजू द्यायचा, पोटातून सावकाश श्वास घ्यायचा आणि धडधड आपोआप उतरते का बघायचं. काही दिवसांनी फोन हातात धरायचा. मग उचलायचा. भीतीपासून पळालं तर ती वाढते, थोडी थोडी अंगावर घेतली तर ओसरते, असं त्या म्हणाल्या. याला ना मशीन लागत होतं, ना गोळी. हे गावोगावी शिकवता आलं असतं, आणि आम्ही फॉर्मवर खुणा करत फिरत होतो!

पिठाच्या डब्यातला फोन हळूहळू शिलाई मशीनवर आला. सव्वा महिन्यानं एका दुपारी आपानं तो उचलला. "बोला वो ताई, काय करून राहिल्या?" तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा फोनमधून आणि एकदा भिंतीपलीकडून. मी रडले, खोटं कशाला सांगू.

चारच दिवसांनी मी तिच्याकडे बसले असताना फोन वाजला. धाकट्या भावाचा होता. तिनं माझा हात घट्ट धरला आणि फोन उचलला.

"कुछ नई आपा," तो म्हणाला, "किसी से बोलना था." आणि रडायला लागला.

आपानं त्याला बोलतं ठेवलं आणि तसंच अमरावतीकडच्या गाडीत बसायला लावलं. आम्ही दोघींनी त्याला बडनेरा स्टेशनवर उतरवून घेतलं. दवाखान्याच्या वाटेवर मी त्याला विचारलं, "तुमच्या गावात तो फॉर्म भरून घेतला नव्हता का?"

"घेतला ना ताई."

"मग काय सांगितलं?"

"नाई मनलं," तो म्हणाला. "मले कारन होतं ना."