मिलिंदची कापसाची डबी

मिलिंदच्या बायकोचा, वृंदाचा फोन आला तेव्हा मी इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडत होतो. "मिलिंद गेला..." एवढंच ती म्हणाली. जुडी हातात तशीच राहिली. तीनच आठवड्यांपूर्वी त्यानं मला विचारलं होतं, "आपला बँड परत येतोय, चल ना यार!" मी म्हणालो, "या वीकेंडला जमत नाही रे, पुढच्या वेळी नक्की." आजार त्यानं माझ्यापासूनही लपवला होता, हे खरं. पण मलाही काही काम नव्हतं, नुसता कंटाळा आला होता.

हा पंक बँड पुण्याचा, कॉलेजच्या दिवसांपासूनचा आमचा लाडका. तीन सूर आणि पोटभर राग, अशी मिलिंदची पंकची व्याख्या. ती मंडळी पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा त्यांना विचारतो कोण? मिलिंदनं इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीचं डोकं खाऊन दिवाळीच्या कार्यक्रमात अर्धा तास मिळवला, मुलांचे नाच आणि जेवण यांच्या मध्ये. शाळेच्या त्या हॉलमध्ये तो डबी घेऊन पहिल्या रांगेत फिरला आणि एकेकाच्या हातावर कापसाचे बोळे ठेवत गेला. "काकू, हे कानात घाला, पण उठून जाऊ नका हं." तिसऱ्या गाण्याला कुणीतरी माइकवर सांगितलं, पुऱ्या गरम आहेत. झालं! हॉल रिकामा. स्टेजसमोर मिलिंद एकटाच उड्या मारत होता, रेशमी झब्बा घामानं पाठीला चिकटलेला. "अरे, ये ना!" त्यानं मला हाक मारली. लोक काय म्हणतील, म्हणून मी भिंतीला टेकून राहिलो. बँडनं मात्र त्याच्या एकट्यासाठी सगळी गाणी वाजवली.

पुढच्या शनिवारी तिकडे मिनेसोटात, ईडन प्रेरीला त्यांचा दुसरा कार्यक्रम. अकरा तास गाडी चालवून गेलो. तिथे जेमतेम वीस माणसं, आणि मी मागे उभा, त्याचा कोट सांभाळत. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही... त्याचाच जास्त त्रास होतो.

परवा वृंदानं ती डबी माझ्या हातात ठेवली. शेवटच्या कॉन्सर्टला तो एकटाच गेला होता, खुर्चीवर बसून ऐकलं म्हणे. डबीत चार बोळे होते. दोन वापरून चपटे झालेले, दोन कोरे.

"ते तुझे," वृंदा म्हणाली. "ऐन वेळी येईल तो, म्हणत होता."

डबी आता माझ्या गाडीत असते. ते दोन बोळे अजून कोरेच आहेत.