गाठ ओळखणारा लेप

काकांना उसातलं तण जळालेलं दिसलं आणि आमच्या घरात कॅन्सरवर संशोधन सुरू झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, देवळाली प्रवराच्या शिवारातली ही गोष्ट. कारखान्याचा माणूस फवारा मारून गेला, रुंद पानाचं तण करपलं आणि ऊस मजेत उभा राहिला. काका बांधावर उभे राहून ते बघत होते. औषधाला चांगलं-वाईट कळतं, असा निष्कर्ष काढून ते घरी आले.

नेमकी तेव्हाच माझ्या वहिनीच्या छातीत गाठ निघाली. काकांनी चित्रकाचं मूळ आणि सदाफुलीचा पाला वाटून लेप काढला. हा फक्त नासकं मांस जाळतो म्हणाले, चांगल्याला हात लावत नाही. बरं, सुनेनं सासऱ्यासमोर, मग तो चुलत का असेना, यायचं नाही ही आमच्याकडची रीत. म्हणजे वैद्य ओसरीवर, रोगी माजघरात आणि निरोप्या मी. 'छाती' हा शब्द काकांच्या तोंडून निघत नसे. "त्येचं कसं हाय?" एवढंच विचारायचे. मी आत जाऊन बघायची, बाहेर येऊन हरभरा की वाटाणा ते सांगायची. जी गाठ जन्मात बघणार नव्हता, तिच्यावर हा माणूस छातीठोक बोलायचा! भाऊ तर काय, काकांच्या शब्दाबाहेर नव्हता.

लेपानं फोड आले. काका खूश. औषध लागू पडलं, म्हणाले, रोग बाहेर पडतोय. वहिनी रात्रंदिवस कण्हायची आणि ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर ही प्रगती ऐकवली जायची. मला इतका संताप यायचा की पाटा-वरवंटा विहिरीत टाकावासा वाटायचा.

एके दिवशी वहिनीनं उरलेला लेप आपल्या धडधाकट मनगटावर थापला आणि वर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी तिथंही तसेच टरारून फोड. ती उठली आणि थेट ओसरीवर जाऊन काकांसमोर उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता. तिनं हात पुढे केला.

"मामंजी, ह्या हाताला गाठ न्हाई. मग ह्यो का जळला?"

काकांनी हात नीट निरखला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हंजी रोग हातापतुर आलाय. लेप वाढवा."

त्याच दुपारी मी वहिनीला एस.टी.नं नगरला नेलं. भावानं पिशवी तेवढी थांब्यापर्यंत आणून दिली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली आणि कुणी भाजलं, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. सदाफुलीपासून खरंच औषध निघतं, त्या म्हणाल्या, पण ते शुद्ध करून, मोजून सुईतून देतात, आणि त्यालाही चांगलं-वाईट पुरतं ओळखता येत नाही, डोक्यावरचे केस जातात. गाठ कापायची तर आधी वरचं कातडं भरून यायला हवं होतं. आम्ही ते भरून यायची वाट बघत बसलो. गाठ बसून राहिली नाही. ती काखेत गेली. पुढे ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. वहिनी गेली.

तेराव्याला पंगतीत काका सांगत होते की कापलं म्हणून गेली, लेप चालू ठेवला असता तर आज वाढायला उभी असती. माणसं माना डोलवत जेवत होती. भाऊसुद्धा.

मी भांडी आत नेत होते तेवढ्यात मागच्या दाराला शेजारची सून आली. एक हात पदराखाली दाबून धरलेला. काका मोकळे झाले का, म्हणाली, जरा औषध विचारायचं हुतं.

मी हात धुतले, चपला घातल्या. "चल," म्हटलं, "नगरची गाडी मिळंल अजून."