गाडी निघायला चार माणसं लागतात

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मला काहीही पटत नाही. कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या अंगात यायचं, तर खरं-खोटं बघायला मी तिला टाचणी टोचली होती आणि त्याबद्दल आईचा मारही खाल्ला होता. तेव्हा हे वाचून "ताई, भास झाला असेल" असं लिहिणार असाल तर खुशाल लिहा. मीही दुसऱ्या कुणाला हेच सुनावलं असतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचे हे नॉटिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, आणि घर तिथून बसने अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावात. हाय स्ट्रीट, चर्च, दोन पब आणि एक फायर स्टेशन, त्यात गाडी एकच. अशा स्टेशनात चोवीस तास कुणी बसलेलं नसतं. गावातलेच लोक कमरेला अलर्टर लावून आपापली कामं करतात, तो वाजला की हातातलं टाकून स्टेशनवर पळतात. पण दिवसा निम्मे लोक नोकरीला शहरात, त्यामुळे माणसं मिळेनात. मी स्टेशनसमोरच्या ड्राय क्लीनर्समध्ये कामाला होते. रस्ता ओलांडला की स्टेशन.

मला यात ढकललं डोरिसनं. आमच्या शेजारी एकट्या राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात मी रडत बसलेली असायची, तेव्हा मागच्या दारानं चहा घेऊन यायच्या. माझी आई गेली आणि मला वेळेवर जाता आलं नाही, त्या दिवशी माझा हात धरून बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर मला त्या परक्या वाटल्याच नाहीत.

तर एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "लोकांच्या कोटांना इस्त्री करून कंटाळत नाहीस का, डक? त्या गाडीवर जा की." नॉटिंगहॅमकडे सगळ्यांना लाडानं 'डक' म्हणतात, बदकांनी गैरसमज करून घेऊ नये.

हे म्हणाले, "अगं, तुला कोल्हापुरात सिलिंडर सरकवता येत नव्हता, इथं शिडी उचलणार?"

उचलली. ट्रेनिंग पूर्ण केलं, तोंडाला मास्क आणि पाठीला हवेची टाकी लावून धुरात शिरायचंसुद्धा. हे नंतर पार्टीत सगळ्यांना फुशारकीनं सांगायचे, ते सोडा.

आता एक नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. चार माणसं जमल्याशिवाय गाडी हलत नाही. तीन असतील तर उभं राहायचं, चौथा येईपर्यंत किंवा शेजारच्या गावची गाडी पोचेपर्यंत. नियम बरोबरच आहे. कमी माणसांनी गेलं तर विझवणारेच जळून मरतात.

मार्चमधली दुपार होती. अलर्टर वाजला, मी पळाले. माझा तो पहिलाच मोठा कॉल. स्टेशनवर आमचा इन्चार्ज बॅरी, म्हणजे हाय स्ट्रीटवरचा खाटीक, आणि ड्रायव्हर कॉलिन, गॅरेजवाला. तिघंच. बॅरीनं प्रिंटरमधला कागद ओढून वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"व्हॅल," तो म्हणाला. वैशाली त्याला कधी जमलंच नाही. "डोरिसचं घर. बटाटे तळायच्या कढईतलं तेल पेटलंय. ती वरच्या मजल्यावर आहे."

"चल मग."

"आपण तीन आहोत."

"बॅरी, डोरिस आहेत त्या."

"मला माहितीय कोण आहे ती. लहानपणापासून ओळखतो मी तिला."

"मग मी पळत जाते."

"आणि पाण्याशिवाय तिथं काय करशील?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्यातला चौथा, पोस्टमन ट्रेव्हर, येतोय का बघायला तो सारखा रस्त्याकडे वळत होता. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा आणि त्याच्या नियमाचा इतका राग आला की हातातलं हेल्मेट फेकून मारावंसं वाटलं. शेजारची गाडी वीस मिनिटांवर. आणि डोरिसना जिना उतरायला आधीच त्रास, कंबर दुखायची.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार धाडकन लागलं. स्टिअरिंगवर बसलेल्या कॉलिननं आरशात बघितलं आणि ओरडला, "चार झाले, बसा."

मी दुसऱ्या दारानं चढले. पलीकडच्या सीटवर तो होता, पूर्ण किटमध्ये, वाकून बूट ओढत. रुंद खांदे, हेल्मेट डोळ्यांवर ओढलेलं. ट्रेव्हरच, मी धरून चालले. गाडी निघाली. मला हनुवटीखालचा पट्टा काही केल्या लागेना. त्यानं हात पुढे केला, पट्टा लावला, घट्ट ओढला आणि म्हणाला, "सावकाश, डक. पोचतोय आपण."

तेवढंच. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

डोरिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर येत होता. ट्रेव्हरचं मास्कचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं, म्हणून आत मी आणि बॅरी, पंपावर कॉलिन. होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, मागून सरकवायला ट्रेव्हर आहेच, असं आम्ही मनात धरलेलं. पाण्यानं भरलेला होज म्हणजे मेलेली म्हैस. दाराशी अडकतो, जिन्याच्या वळणावर अडकतो, मागून कुणी सोडला नाही तर जागचा हलत नाही. त्या दिवशी एकदाही अडकला नाही. आम्ही पाऊल टाकलं की तो मागून येत होता.

डोरिस खिडकीशी खाली कोसळलेल्या सापडल्या. बॅरीनं खांदे धरले, मी पाय. बाहेर गवतावर आणल्यावर त्या खोकल्या. इतका सुंदर खोकला मी परत ऐकलेला नाही. मी तिथंच बसून भोकाड पसरलं.

त्या अँब्युलन्समधून गेल्यावर मला हेल्मेट काढता येईना. पट्टा इतका घट्ट. बॅरीनं खटपट करून सोडवला.

"कुणी लावलाय हा असा?"

"ट्रेव्हरनं."

"आणि ट्रेव्हर कुठाय?"

आम्ही तिघंही इकडेतिकडे बघायला लागलो. शेजारच्या गावची गाडी आली होती, तिचे लोक होते. ट्रेव्हर नव्हता. परत गेलो तर तो स्टेशनच्या दारात सायकल धरून उभा, वैतागलेला. "मी आलो तेव्हा गाडी गेलेली. तीन जणांत निघालातच कसे?"

चौकशी झाली. हेडक्वार्टरचे साहेब आले. "किती जण निघालात?" चार. "चौथा कोण?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. शेवटी ते सौम्यपणे म्हणाले, "गडबडीत मोजायला चुकलात तुम्ही." मी म्हटलं, साहेब, चारपर्यंत मला मोजता येतं. बॅरीनं माझ्या पायावर पाय दिला.

स्टेशनच्या भिंतीवर जुन्या फायरमनचे फोटो आहेत. तुमच्या मनात आलं तेच माझ्याही मनात आलं. एकेक फोटो बघितला. पण चेहरा मी पाहिलाच नव्हता, ओळखणार काय, कप्पाळ?

मग डोरिसना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "तुम्ही चौघं उतरलात तेव्हा जिवात जीव आला."

"चौघं?"

"बॅरी, कॉलिन, तू आणि तुझ्या मागून उतरला तो उंच. मी खिडकीतून मोजले. मोजण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?"

मी त्यांच्या उशाशी बसून राहिले. हात धरून. या वेळी मी एक शब्द बोलले नाही.

गावात मात्र बोभाटा झाला. भुताचा नाही, तीन माणसांचा. एका माणसाअभावी डोरिस मेली असती, हे लोकांच्या मनाला लागलं. महिन्याभरात गाडीवर यायला नवी नावं आली. बेकरीतली सँड्रा, शाळेचा केअरटेकर, पबच्या मालकाची बायको.

पुढे एकदा पुन्हा दुपारी आम्ही तिघंच जमलो. कॉलिन स्टिअरिंगवर, आरशात बघत. तिघांचे कान मागच्या दाराकडे होते. ते लागलं धाडकन. वळून बघते तर सँड्रा, कोपरापर्यंत पीठ, धापा टाकतेय.

"चार," कॉलिन म्हणाला.

मी पुढे बारा वर्षं त्या गाडीवर होते. तो कोण होता, मला आजही माहीत नाही, आणि पटेल असं काही मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो परत कधी आला नाही. त्याला यावं लागलं नाही.