ठिबकच्या नळीएवढा पंजा

तिकडे परदेशात वाढलेल्या तुम्हा दोघा नातवंडांना मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं. पण ही गोष्ट लोणीच्या शेतात घडली आणि तिथली माणसं माझ्याशी मराठीत बोलली, म्हणून ती मराठीतच सांगते. सावकाश वाचा.

मी जुन्नरच्या शाळेत विज्ञान शिकवत असे, हे तुम्ही ऐकलं आहे. आरसे आणि भिंगं आली की मी घरून आमटीची पळी घेऊन जायची. पळीच्या आतल्या बाजूला बघितलं की आपण उलटे दिसतो, बाहेरच्या बाजूला सुलटे पण बारके. मुली हसायच्या, तुम्हीही हसला होतात. मग मी फळ्यावर विशालन लिहायची: प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची. मुली सूत्र पाठ करायच्या आणि त्यातला अर्थ विसरायच्या, म्हणून एक वाक्य मी दरवर्षी बजावायची. नुसत्या प्रतिमेवरून वस्तू केवढी आहे ते कळत नाही. जी वस्तू केवढी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, अशी एखादी तिच्या शेजारीच, तेवढ्याच अंतरावर शोधा. दोघी सारख्याच पटीने मोठ्या किंवा लहान झालेल्या असतात. मग फसगत होत नाही.

आता लोणीच्या घराकडे येते. तुमचे आजोबा आणि मी निवृत्तीनंतर ते बांधलं. आजोबा गेल्यावर मी तिथेच राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, टाकीमागे ऊस. शेत माझा पुतण्या बघतो. त्याचं घर बांधाच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. त्याला लहानपणी मीच शिकवलं. दहावीला तो माझ्याकडे राहिला होता, तुमच्या बाबांना दादा म्हणत. पुढे मोटरसायकल घेतली तेव्हा तिच्या आरशापाशी उभं करून मी त्याला समजावलं होतं, की या आरशात मागचा ट्रक लहान दिसतो म्हणून तो लांब आहे असं समजू नकोस.

तुमच्या बाबांना मी एकटी राहते ते आवडत नव्हतं. त्यांनी जुन्नरला दवाखान्याजवळ फ्लॅट घेऊन ठेवला होता. मी पडेन, मला चक्कर येईल, अशी भीती ते प्रत्येक फोनला घालायचे आणि मी विषय बदलायची. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. उसाकडे बघितलं तर हिरवा पडदा टांगल्यासारखा दिसायचा.

ऊसतोड सुरू झाली. आमच्याकडे ऊस तुटायला लागला की बिबट्या बाहेर पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवसांत कोणी बिबट्याचा फोटो दाखवला, तर त्याची उलटतपासणी कोणी करत नाही. कोंबड्या आत घेतात, कुत्रं आत घेतात आणि दार लावतात.

एका सकाळी पुतण्या आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, हा तुमच्या टाकीमागं व्हता. मला पिवळट अंग दिसलं, त्यावर ठिपके, मागे ऊस. जनावराने फोटोची चौकट जवळजवळ भरली होती. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. धूसर चित्र मोठं केलं की मोठं धूसर चित्र मिळतं, एवढंच. ठसे बघायचे म्हटलं, तर तो म्हणाला, पहाटंच पाणी सोडलंय, ठसे गेले. फोटो त्याने माझ्या मोबाइलवर पाठवून दिला. त्याच संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. त्यांच्यापर्यंतही तो पोहोचला होता. ते कधी नव्हे इतकं हळू बोलले, आणि त्या आवाजाने मी जास्त घाबरले.

मी घर सोडलं. भांडी पालथी घातली, कढीपत्त्याला आळं करून पाणी दिलं आणि किल्ली पुतण्याकडे दिली. गाडीत बसताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय.

फ्लॅटमध्ये काही गैरसोय नव्हती. खाली बाजाराची गल्ली, एसटीचा हॉर्न दिवसभर. डोळ्यांच्या शस्त्रक्रिया तिथेच उरकल्या. पिकलेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. पट्टी निघाल्यावर भिंतीवरचा रंगाचा ओघळसुद्धा दिसायला लागला. मग मी मोबाइलमधले फोटो लावायला बसले. नको ते काढून टाकावेत, हवे ते नीट ठेवावेत, ही माझी जुनी सवय. त्यात तो फोटो आला.

जनावराच्या पुढच्या पायाशी एक काळी रेघ होती. मी मोठं करून बघितलं. ठिबकची नळी होती. आपल्या बोटाएवढी जाड. तुम्ही सुट्टीत तिच्या तुकड्यांच्या बांगड्या केल्या होत्या. पंजा नळीवरच टेकलेला होता, म्हणजे दोन्ही एकाच अंतरावर. आणि पंजा नळीपेक्षा जरासाच रुंद होता. बिबट्याच्या पंजाखाली तशा चार नळ्या शेजारी शेजारी झाकल्या गेल्या असत्या.

ती वाघाटी होती. उसात राहते, अंगावर ठिपके असतात, घरच्या मांजरीहूनही लहान. तिच्या पिल्लांना बिबट्याचे बछडे समजून माणसं दरवर्षी फसतात. पण माझा पुतण्या जन्मभर उसात वावरलेला. तो फसणाऱ्यांतला नव्हे.

तो बाजाराच्या दिवशी मला भाजी आणून द्यायचा. त्या दिवशी मटार आणला होता. मी चहा ठेवला, फोटो त्याच्यापुढे केला आणि नळीवर बोट ठेवलं. त्याने मोबाइल पालथा ठेवला.

"काकू, दादाच म्हनला. आई दुसऱ्या कशाला भ्यायची न्हाई."

"आणि तुला कसं सुचलं?"

"जवळ बसून काढला की लई मोठं दिसतं. तुमीच शिकवलेलं."

तो उद्धटपणे बोलला नाही, खाली बघून बोलला. तरी मला ते वाक्य थोबाडीत मारल्यासारखं लागलं. माझे डोळे गेलेत, मी नळी ओळखणार नाही, हा हिशेब दोघांनी धरला होता. एकाला मी जन्म दिला, दुसऱ्याला शिकवलं. तो चहा न पिता गेला. मी थांब म्हटलं नाही.

तुमच्या बाबांशी मी व्हिडिओवर बोलले. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, तू सरळ सांगून ऐकत नव्हतीस. वर म्हणाले, डोळ्यांचं कामही झालं की नाही? मी त्यांना विचारलं, मी तुला कधी खोटं सांगून औषध पाजलं होतं का. कडू असलं तर मी कडू आहे म्हणूनच सांगायची, हे त्यांना चांगलं आठवत असणार.

मी लोणीला परत आले. आमच्या भागात बिबट्या आहे, ते काही खोटं नाही. मी दिवेलागणीच्या आधी दार लावते, टाकीकडचा दिवा चालू ठेवते, काठी घेतल्याशिवाय अंगणात उतरत नाही. कोणी खरं सांगितलं असतं तर आधीही हे सगळं केलं असतं. पुतण्याने मागच्या बाजूला जाळी मारून दिली. मारून झाल्यावर तो मागच्या मागेच निघून गेला. त्याच्याकडचं दूध मात्र रोज ओट्यावर असतं.

बाबांनी हे आजीच्या भल्यासाठीच केलं, असं तुम्हाला कोणी सांगेल. असेलही. तुम्ही त्यांच्यावर रागवावं म्हणून मी लिहीत नाही. माझ्यात काय बदललं ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

परवा त्यांनी तिकडच्या घरातल्या एका खोलीचा फोटो पाठवला. आई, ही तुझ्यासाठी केली, बघ किती मोठी आहे. स्वच्छ पलंग, खिडकी, खिडकीत तुमच्यापैकी कोणीतरी ठेवलेली कुंडी. खोली खरंच ऐसपैस दिसत होती. रुंद भिंगाने काढली की कुठलीही खोली ऐसपैस दिसते. पूर्वी मी आधी कुंडीकडे बघितलं असतं. या वेळी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि जी केवढी असते हे ठाऊक आहे अशी दाराची कडी शोधत बसले.